मॅरेथॉनचं स्वप्न पूर्ण झालं, आता पळावंसंच वाटत नाही? ठाण्यातल्या रनर्ससाठी स्टेप बाय स्टेप

१९ जानेवारी २०२५ ला टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये सीएसएमटीजवळची फिनिश लाइन ओलांडली तेव्हा माझ्या घड्याळात ४ तास ५६ मिनिटं होती. पाच तासांच्या आत फुल मॅरेथॉन, हे एकच मला पाच वर्षं हवं होतं. २०२० ला परतीच्या पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि साडेपाच तास लागले, मग कोविडमुळे २०२१ आणि २०२२ ला रेसच झाली नाही, २०२३ ला बारा मिनिटांनी हुकलं, २०२४ ला गुडघा दुखावून घरी बसले. त्यामुळे त्या दिवशी मेडल गळ्यात पडल्यावर मी कडेला बसून रडले, नवऱ्याला फोन लावला आणि "झालं रे" एवढंच बोलता आलं.

आणि मग आठ-दहा दिवसांत सगळं रिकामं झालं. पहाटे पावणेपाचला जाग यायची, अलार्म नसतानाही, आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. फ्रिजवर १८ आठवड्यांचा ट्रेनिंगचा कागद लावलेला होता, प्रत्येक चौकोनात हिरव्या स्केचपेनने टिक केलेली, शेवटच्या चौकोनात 'रेस' लिहून दोनदा गोल केलेला आणि त्याच्या खाली काहीच नाही, नुसता फ्रिजचा पांढरा पत्रा. एक दिवस सासूबाई दूध ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, पुढचा कागद कधी लावणार?" मला उत्तरच देता येईना.

हे माझ्या एकटीचं नाहीये, हे नंतर कळलं. ग्रुपमधल्या ज्याला ज्याला विचारलं त्याने थोड्याफार फरकाने हेच सांगितलं, फक्त आधी कोणी बोललं नव्हतं. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय. तुमची पहिली हाफ (२१ किलोमीटर) असो, पहिली फुल असो की बऱ्याच वर्षांनी मिळालेलं टायमिंग असो, पुढच्या तीन महिन्यांत कामाला येईल.

आधी काय काय जवळ ठेवायचं ते सांगते:

- एक साधी वही (ॲप नको, का ते पुढे सांगते)
- मागच्या ट्रेनिंगचा रेकॉर्ड, घड्याळातला किंवा कागदावरचा
- रेसचं टायमिंग सर्टिफिकेट, पीडीएफ डाउनलोड करून ठेवा, पुढे लागतं
- रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी
- शूज किती किलोमीटर झालेत त्याचा आकडा. साधारण ६०० ते ८०० च्या पुढे गेले असतील तर ते आता बाजारात जायला ठेवा, पळायला नको

१. आधी ओळखा की नेमकं काय गेलंय

मला वाटत होतं की ध्येय संपलं म्हणून मन लागत नाहीये. नीट बघितल्यावर कळलं की गेलं होतं ते आठवड्याचं वळण. मंगळवारी टेम्पो (जरा जोरात पळणं), गुरुवारी इझी, शनिवारी रात्री लवकर जेवण आणि गजर लावून झोपणं, रविवारी कोलशेत रोडवर लाँग रन, मग ग्रुपबरोबर चहा, मग घरी येऊन पोह्यांची मोठी डिश आणि दुपारची ती गाढ झोप. १८ आठवडे माझा अख्खा आठवडा या खुंट्यांवर टांगलेला होता आणि एका रविवारी सगळ्या खुंट्या एकदम उपटल्या. मग आठवडा खाली पडणारच ना.

शरीराचाही भाग आहे. ४२.१९५ किलोमीटर पळल्यावर स्नायूंमध्ये बारीक बारीक इजा झालेल्या असतात, ग्लायकोजनचा (स्नायूंना लागणाऱ्या साखरेचा) साठा संपलेला असतो, झोप विस्कटते, सर्दी-खोकला पटकन धरतो. थकलेल्या शरीरातलं मनही थकलेलंच असतं. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत 'मला आता पळणं आवडतच नाही' असला कुठलाही निकाल देऊ नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. उदास वाटणं दोन-तीन आठवड्यांनंतरही कमी होत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, पळण्यापलीकडच्या गोष्टींतही मन लागत नसेल तर ते रेसपुरतं नाही असं समजा आणि डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

२. पहिले २६ दिवस: रेस नाही, वेग नाही

जुन्या रनर्सचा एक हिशोब आहे, रेसच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस सांभाळायचा. फुल म्हणजे सव्वीस मैल, म्हणजे २६ दिवस. हाफ असेल तर १३. हा काही विज्ञानाचा नियम नाही पण तो पाळलेल्यांचं बरं चाललंय आणि मोडलेल्यांचं काय होतं ते मी अंगावर घेतलंय.

पहिला आठवडा फक्त चालणं. तलावपाळीला संध्याकाळी एक-दोन फेऱ्या मारा, घरच्यांबरोबर, गप्पा मारत, घड्याळ घरी ठेवून. दुसऱ्या आठवड्यात पोहणं किंवा सायकल, ज्याने पायांना हादरे बसत नाहीत. तिसऱ्यात २०-३० मिनिटांचे दोन-तीन इझी रन, इझी म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. चौथ्यात हवं तर तासभर. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा आणि वहीत लिहा, नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी सुट्टी.

खाणं कमी करू नका! आता पळत नाही तर जेवण अर्धं, असं बऱ्याच बायका करतात. आधीच ट्रेनिंगमध्ये आपण कमी खाल्लेलं असतं. पाळी पुढे गेली असेल, केस गळत असतील, सारखं गळल्यासारखं वाटत असेल तर रक्ताचे रिपोर्ट काढा. माझं फेरिटिन इतकं खाली होतं की डॉक्टर म्हणाले तुम्ही पळालात कशा, आणि मी महिनाभर त्याला 'मोटिव्हेशन नाही' म्हणत होते.

इथला सगळ्यात मोठा सापळा: घाईत दुसऱ्या रेसचं रजिस्ट्रेशन. ग्रुपवर "नेक्स्ट कुठली?" सुरू झालं की रिकामपण भरायला हात आपोआप पेमेंटकडे जातो. मी दहाव्या दिवशी एक हाफ बुक केली, तीन आठवड्यांनी होती. चौदाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत कोणीतरी मागून दगड मारल्यासारखं झालं, मी वळून बघितलंसुद्धा. स्नायू फाटला होता, सहा आठवडे गेले. म्हणून माझा नियम: ३० दिवस पेमेंट नाही. कोणी विचारलं तर "फेब्रुवारीअखेर सांगते" एवढं म्हणायचं, लोक ऐकतात.

३. वहीत लिहा: पळण्यातलं काय आवडत होतं

याला अर्धा तास द्या, आणि स्ट्रावावर (रनर्सचं ॲप) नाही, वहीतच. ॲप उघडलं की दुसऱ्याचे आकडे दिसतात आणि आपलं उत्तर बदलतं.

मागच्या सहा महिन्यांतले असे पाच रन आठवा जे रेस नव्हते, तरीही लख्ख लक्षात आहेत. प्रत्येकापुढे लिहा की तो का लक्षात राहिला. माझी यादी अशी निघाली: ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडला मुसळधार पावसात केलेले १८ किलोमीटर, उपवनला धुकं होतं तो दिवस, येऊरचा चढ पहिल्यांदा न थांबता संपवला तो, मैत्रिणीबरोबर गप्पा मारत केलेला एक अगदी हळू रन, आणि एकदा ऑफिसात भांडण झाल्यावर रात्री एकटीने मारलेल्या सोसायटीच्या फेऱ्या. पाचांपैकी एकातही टायमिंग नव्हतं! पाच वर्षं मी ज्या आकड्यामागे होते तो माझ्या यादीत कुठेच नव्हता, होता तो पाऊस, चढ आणि सोबत. तिथून माझा पुढचा रस्ता निघाला.

तुमच्या यादीत आकडेच निघाले तर तेही छान, मग तुम्हाला वेगाकडे जायचंय. एकटेपणा निघाला तर ग्रुपच्या बाहेर पडून बघा. खोटं लिहू नका एवढंच.

४. पुढचं ध्येय मोठं नको, वेगळं हवं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. हाफनंतर फुल, फुलनंतर अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षाही लांब रेस), असं आपण शिडीसारखं धरून चालतो. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स साधारण ९० किलोमीटरची आहे, बारा तासांचा कट-ऑफ, म्हणजे तेवढ्यात संपवायचीच, आपल्याकडचे कितीतरी जण जातात आणि मनापासून करतात, त्यांना सलाम. पण रिकामपण घालवायला अंतर वाढवलं तर त्या रेसनंतर दुप्पट रिकामपण येतं, हे मी दोघातिघांच्या बाबतीत जवळून बघितलंय.

ललिता बाबर आठवा. साताऱ्याच्या माण तालुक्यातली मुलगी, मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये लागोपाठ तीनदा जिंकली. तिने त्यानंतर आणखी लांब काही नाही निवडलं, ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली, म्हणजे अंतर एकदम चौदाव्या भागावर आणि वर अडथळे आणि पाणी. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये धावली, दहावी आली. आपण कुठे ती कुठे, पण दिशा बदलण्यातही पुढे जाणं असतं हे मला तिच्याकडे बघून पटलं.

आता आपल्या भागात काय काय करता येईल:

वेग हवा असेल तर ५ किलोमीटर. फुल केलेले लोक याला हलकं समजतात आणि पहिल्याच टेस्टला जीव मेटाकुटीला येतो. सपाट रस्ता निवडा, ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर उत्तम, साडेबारा फेऱ्या. एक टेस्ट आज, एक दहा आठवड्यांनी. मध्ये आठवड्यातून एकदा इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, आलटून पालटून) आणि एकदा इझी रनच्या शेवटी २०-२० सेकंदांचे सहा स्ट्राइड्स (वेगात मारलेल्या छोट्या धावा). माझे ३२:४० चे ३०:५२ झाले, मॅरेथॉनच्या ट्रेनिंगपेक्षा निम्म्या वेळात, आणि रविवार मोकळा राहिला तो बोनस.

चढ हवा असेल तर येऊर. पायथ्यापासून गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, आधी चालत-पळत, मग न थांबता, मग दोनदा. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्या खरोखर आहे. त्यामुळे उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटं जाऊ नका, दोन्ही कानांत इअरफोन नको, हातात खाऊची पिशवी नको नाहीतर माकडं सोडत नाहीत, आणि परवानगीशिवाय रस्ता सोडून जंगलात शिरू नका. पावसाळ्यात कडेला शेवाळ असतं, उतरताना पावलं छोटी टाका. नवी मुंबईकरांना पारसिक हिल आणि खारघर हिल आहेच. चढाची गोडी लागली की साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं बघा, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, तिथे कोणी तुमच्या सपाटीवरच्या पेसबद्दल (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) विचारत नाही.

सोबत हवी असेल तर पेसर व्हा. ग्रुपमधल्या नवीन लोकांना ठरलेल्या पेसने घेऊन जायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही, सात मिनिटं म्हणजे सातच मिनिटं, स्वतःच्या अंगात जोर आलाय म्हणून सहा-चाळीसने पळता येत नाही.

आणि पळण्यापासूनच लांब जावंसं वाटत असेल तर जा. पोहा, सायकल घ्या, सायकलवाल्यांची २०० किलोमीटरची ब्रेव्हे (लांब पल्ल्याची राइड) असते साडेतेरा तासांत संपवायची, किंवा पावसाळ्यात नुसते ट्रेक करा. तीन महिन्यांनी पळणं तिथेच असतं.

५. खुंट्या परत ठोका, पण चारच

ध्येय ठरायच्या आधीही हे करता येतं, खरंतर आधीच करा. १८ आठवड्यांचा कागद लावू नका. चार आठवड्यांचा लावा आणि त्यात अंतर, पेस काही लिहू नका, फक्त चार वार. माझे असे होते: मंगळवार सकाळ ४० मिनिटं काहीही, गुरुवार २० मिनिटं व्यायाम (स्क्वॉट, लंजेस, काफ रेज, प्लँक, घरातच), शनिवार जावेबरोबर, रविवार उपवन किंवा येऊर. बाहेर पडलं की टिक. पाच मिनिटांत परत आलात तरी टिक, हा नियम मोडू नका, कारण आत्ता सवय बसवायचीय, फिटनेस नंतर येतोच.

ऑफिस लांब असेल, माझं बेलापूरला आहे, ट्रान्स हार्बरने जाते, तर वेळ आदल्या रात्रीच ठरवा. कपडे, शूज, मोजे, घराची किल्ली दाराजवळ. पहाटे पाचला विचार करायला लागलात की झोप जिंकते.

जूनपासून पाऊस असतो, त्याचं निमित्त करू नका. ओले शूज आले की आतले सोल काढायचे, शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, चिकटवलेलं सुटतं. मांड्या आणि काखेत व्हॅसलिन. पाणी साचलेल्या रस्त्यावर पळू नका, खाली उघडं गटार असू शकतं.

६. दुसऱ्या कुणाच्या तरी सुरुवातीला हात लावा

माझी धाकटी जाऊ, दोन मुलं, कधी बसच्या मागेही न धावलेली, मार्चमध्ये म्हणाली "ताई, मलाही न्या ना एकदा." आम्ही कचराळी तलावावर सुरू केलं. एक मिनिट जॉग, दीड मिनिट चालणं, असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला तिने माझा दंड घट्ट धरला, तोंड लाल, म्हणाली छाती फुटेल. मी म्हटलं अजून हळू, इतकं हळू की शेजारचे आजोबा चालत पुढे गेले पाहिजेत. आणि आजोबा गेले पुढे, तिच्याकडे बघून हसून. दहाव्या आठवड्यात तिने सलग अर्धा तास केला आणि ती जे हसली ना, ते बघून माझ्या अंगावर काटा आला, माझ्या स्वतःच्या फिनिशलाही आला नव्हता तसा.

फक्त सापळा लक्षात ठेवा. शिकवायला गेलात की आपला रन होत नाही. तो वेगळ्या दिवशी ठेवा नाहीतर मनात कुठेतरी चिडचिड साठते आणि समोरच्याला ती कळते.

७. रजिस्ट्रेशन: आता करा, पण हे बघून

तीस दिवस झाले, वही भरली, चार वार बसले, मग या. मोठ्या रेसची नावनोंदणी चार-पाच महिने आधी उघडते आणि जागा भरतात. लागणाऱ्या गोष्टी: फोटो आयडी (बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतानाही तोच न्यायचा, नाव स्पेलिंगसकट जुळलं पाहिजे), टायमिंग सर्टिफिकेट, आणीबाणीत फोन करायचा नंबर, रक्तगट, आणि अल्ट्रा किंवा उंचावरच्या रेसला बहुतेक वेळा डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. लडाखची खारदुंग ला चॅलेंज ७२ किलोमीटर आहे, तसल्या ठिकाणी आधी जाऊन विरळ हवेची सवय करायचे दिवस आणि रजा धरूनच खर्च काढा. रिफंड मिळतो का, नाव बदलता येतं का, कट-ऑफ किती, हे पैसे भरायच्या आधी वाचा.

वर्षाला एकच मोठी रेस ठेवा आणि तिच्या पुढचा महिना आत्ताच कॅलेंडरवर मारून ठेवा: कोणाबरोबर चालणार, कुठे फिरायला जाणार, काय वाचणार. रेसनंतरचा सोमवार रिकामा ठेवला नाही की पहिला आठवडा पुष्कळ सोपा जातो.

८. एकदा तरी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा

१८ जानेवारी २०२६ ला मी पळाले नाही. परतीच्या पेडर रोडवर, २०२० ला जिथे गोळे आले होते साधारण तिथेच, जावेला घेऊन उभी राहिले. तुम्ही जाणार असाल तर काय न्यायचं ते सांगते. संत्र्याच्या सोललेल्या फोडी (आख्खं संत्रं कोणी सोलत बसत नाही), उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ लावून, खजूर बी काढून, दुखण्यावरचे स्प्रे निदान दोन, एक तासाभरातच संपतो. कचऱ्याची मोठी पिशवी, साली रस्त्यावर पडल्या की मागचे घसरतात. फोडी तळहातावर सपाट धरायच्या, बोटांत नाही, म्हणजे पळता पळता उचलता येतात. आणि बिबवर नाव छापलेलं असतं ते मोठ्याने वाचायचं, "थोडंच राहिलं" असं म्हणायचं नाही, त्या चढावर ते ऐकवत नाही.

दहाच्या सुमारास माझ्याच वयाची एक बाई पोटरी धरून कठड्याला टेकली. मी तिचा बूट माझ्या मांडीवर घेतला, टाच धरून पंजा तिच्याकडे दाबला, अर्धा मिनिट, सोडला, परत दाबला. जाऊ मीठ लावलेला बटाटा तिच्या तोंडात घालत होती. तिने घड्याळ बघितलं, मला म्हणाली, "ताई, होईल ना?" मी तिची पोटरी चाचपली, गाठ सुटली होती. म्हटलं, "चढ संपेपर्यंत चाल, वरून पळ." ती निघाली, आणि आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत तिचं नाव घेऊन ओरडत होतो.